धावणाऱ्यांची हवा

पहाटेची हवा शुद्ध असते आणि ती छातीभर घ्यावी, हा संस्कार आपणांपैकी बहुतेकांवर बालपणीच झालेला आहे. आजोबांनी तो सांगितला, शाळेतील व्यायामशिक्षकांनी तो गिरवून घेतला आणि तालमीतल्या वस्तादांनी तर तो धर्माचरणासारखा पाळावयास लावला. ज्या काळी हा उपदेश झाला त्या काळी तो खोटा नव्हता. प्रश्न एवढाच आहे, की ज्या हवेविषयी तो होता ती हवा आज राहिली आहे काय? हा प्रश्न दिल्ली-मुंबईपुरता आहे, अशी आपली समजूत आहे. आमच्या मते ही समजूत चुकीची आहे. आणि ती चुकीची असल्याचा भुर्दंड ज्यांना भरावा लागतो, ते आमच्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर, राहुरीच्या रस्त्यावर, रोज पहाटे धावत असतात. म्हणून आज हा विषय पहिल्या पानावर मांडणे आम्हांस अवश्य वाटते.

हिवाळ्यात नगर-मनमाड रस्त्याने पहाटे पाचच्या सुमारास प्रवास करणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. अंधार पुरता सरलेला नसतो. समोरून मालमोटारींचे दिवे डोळ्यांवर येतात, उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रेलरांचे ट्रॅक्टर धडधडत जातात, आणि त्या साऱ्यांच्या कडेने, डांबर संपून मुरूम सुरू होतो त्या पट्टीवर, चार-चार सहा-सहा तरुणांचे घोळके धावत असतात. त्यांत मुलीही असतात. कोणी एकजण हातातील घड्याळाकडे पाहून वेळ पुकारतो, बाकीचे दम धरून पाय उचलतात. प्रवाशास या दृश्याचे कौतुक वाटते, आणि ते वाटावे असेच आहे. परंतु गाडीची काच वर करून आपण ज्या धुळीपासून आणि धुरापासून स्वतःचा बचाव करतो, तीच धूळ आणि तोच धूर ही मुले तोंड उघडे ठेवून आत घेत असतात, हे त्या कौतुकात आपल्या ध्यानी येत नाही.

ही मुले हौसेखातर धावत नाहीत, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्र पोलीस दलातील शिपायाच्या भरतीत ५० गुणांची मैदानी चाचणी असते. तिच्यात पुरुषांना १६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते, आणि या एकाच धावेला २० गुण आहेत. मैदानी चाचणीत निम्मे गुण मिळाल्यावाचून लेखी परीक्षेचे दार उघडत नाही. राज्य राखीव पोलीस दलासाठी तर ५ किलोमीटरची धाव आहे. सैन्यभरतीतही धावण्यावाचून गत्यंतर नाही. ज्या घरात जमीन दोन एकर आणि वाटेकरी चार, त्या घरातील पदवीधर मुलाला वा मुलीला सरकारी वर्दी हा प्रतिष्ठेने जगण्याचा जवळजवळ एकमेव राजमार्ग दिसतो. पाच-दहा सेकंदांच्या फरकाने गुण कमी होतात आणि एकेका गुणाने आयुष्याची दिशा बदलते. अशा स्थितीत “आज हवा बरी नाही, आज विश्रांती घ्यावी” हा विचार त्यांना परवडण्यासारखा नाही.

आता शरीरशास्त्राचा साधा हिशेब पाहू. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला सुमारे सहा ते आठ लिटर हवा घेतो. जोराने धावणारा तरुण साठ लिटर सहज घेतो. अंगात ताकद असेल तर ऐंशी आणि शंभरही. म्हणजे स्वस्थ मनुष्याच्या छातीत तासाभरात चारशे-सव्वाचारशे लिटर हवा जाते, तर तेवढ्याच वेळात धावणाऱ्याच्या छातीत साडेतीन हजार लिटरांहून अधिक. हवेत विष तेवढेच असले तरी मात्रा आठपट झाली. शिवाय स्वस्थ असताना आपण नाकाने श्वास घेतो आणि नाक हा निसर्गाने बसविलेला दरवान आहे; मोठी धूळ तो उंबऱ्यावरच अडवितो. धावताना श्वास तोंडाने चालतो आणि दरवान बाजूस राहतो. त्यातून अडीच मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाएवढे, फुप्फुसाच्या अगदी आतल्या कप्प्यांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म रक्तातही उतरतात. दम्याचा विकार असलेल्यास त्यांचा त्रास त्याच दिवशी कळतो. इतरांस तो वर्षांनी कळतो, आणि तेव्हा त्याचे मूळ कोणत्या पहाटेत होते हे कोणास सांगता येत नाही.

पण पहाटच का? याचे उत्तर हिवाळ्याच्या थंडीत आहे. दख्खनच्या पठारावर निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते. तिला लागून असलेला हवेचा थर थंड व जड होतो आणि त्याच्यावर उबदार थराचे झाकण बसते. वारा जवळजवळ पडलेला असतो. मग रात्रभर जो धूर निघतो, जी धूळ उडते, ती वर न जाता त्या झाकणाखाली कोंडून राहते. सूर्य वर येऊन जमीन तापू लागली म्हणजे हे झाकण हळूहळू उचलले जाते. त्यास अनेकदा सकाळचे नऊ-दहा वाजतात. म्हणजे ज्या वेळेस आपण अत्यंत शुद्ध समजतो, तीच हिवाळ्यात अनेक ठिकाणी दिवसातील अत्यंत मलिन वेळ असते. थंडीमुळे हवा स्वच्छ भासते, नाकास गारवा सुखावतो. परंतु गारवा म्हणजे शुद्धता नव्हे. वडीलधाऱ्यांचा उपदेश खोटा ठरला तो त्यांच्या चुकीने नव्हे. त्या झाकणाखाली आपण काय काय भरून ठेवले, त्याने तो खोटा ठरविला.

आणि राहुरीच्या परिसरात भरावयास पुष्कळ आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी अवजड वाहतूक नगर-मनमाड रस्त्यावरून रात्रंदिवस चालते. शिर्डी आणि शनिशिंगणापूरच्या यात्रेकरूंच्या गाड्या तिच्यात मिसळतात. या रस्त्याचे खड्डे आणि त्याची लांबलेली दुरुस्ती यांवर आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. जेथे डांबर उखडते तेथे प्रत्येक चाकाबरोबर धूळ उठते, आणि जेथे गाडी वेग कमी करून पुन्हा वाढविते तेथे डिझेलचा धूर दाट होतो. त्यात दिवाळीच्या पुढेमागे कारखान्यांतून बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते आणि गळिताचा हंगाम सुरू होतो. हा जिल्हा साखरेचा आहे. १९५० साली प्रवरानगरास सहकारी साखर कारखान्याची चाके फिरली आणि साऱ्या देशाला तो धडा झाला. त्या इतिहासाचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु ऊस तुटल्यानंतर फडात जे पाचट राहते ते रातोरात पेटविण्याची रीत अजून मोडलेली नाही. सकाळी अंगणात काळी भुशी पडलेली दिसते, ती दिसते म्हणून आपण तिची तक्रार करतो; जी दिसत नाही ती छातीत गेलेली असते. मोळ्या वाहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्यांसमोरच्या चुली, शेकोट्या आणि गावाबाहेर जळणारा कचरा यांची भर वेगळीच.

मग राहुरीची हवा नेमकी किती वाईट आहे? वाचक हा प्रश्न विचारील आणि तो विचारणे रास्त आहे. त्यावर आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न संपादकाने नव्हे, यंत्राने सोडवावयाचा आहे, आणि ते यंत्र धावणाऱ्याच्या जवळ असले पाहिजे. २०१५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू केला. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर, अशी त्याची सोपी पायरी आहे. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, त्यात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नाशिक, सोलापूर, जालना, जळगाव, लातूर अशी शहरे घेतली गेली. या जिल्ह्याचे मुख्य शहर त्या यादीत नव्हते. तालुक्याच्या राहुरीची गोष्टच दूर. २०२३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईची हवा बिघडली तेव्हा उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. तेही योग्यच झाले. परंतु हवा शहराची सीमा पाहून बिघडत नाही. जेथे यंत्र नाही तेथे भ्रमणध्वनीवर दिसणारा आकडा हा दूरच्या केंद्रांवरून आणि उपग्रहांवरून बांधलेला अदमास असतो. रस्त्याच्या कडेला पहाटे सहा वाजता काय आहे, ते त्यास ठाऊक नसते.

आकड्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी अवश्य आहे. आपल्या देशाच्या मानकानुसार एका घनमीटर हवेत सूक्ष्म कण चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ वर आणली. म्हणजे ज्यास आपण ‘समाधानकारक’ म्हणतो, त्याची वरची कड जागतिक मर्यादेच्या चौपट आहे. शिवाय हे दोन्ही आकडे चोवीस तासांच्या सरासरीचे आहेत. धावणारा चोवीस तास धावत नाही. तो नेमका तासभर धावतो, आणि तो तास हिवाळ्यात सरासरीहून वाईट असण्याचाच संभव अधिक.

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील, की धावणेच सोडून द्यावे. हा निष्कर्ष आम्हांस मुळीच मान्य नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली व्यायामाचा लाभ आणि दूषित हवेची हानी यांचा ताळेबंद मांडला. जगातील बहुसंख्य शहरांत चालण्या-सायकल चालविण्याचा लाभच जड ठरतो, असे त्यांना आढळले. सूक्ष्म कण १०० मायक्रोग्रॅमच्या घरात गेले, तरच रोज दीड तासाच्या सायकलीनंतर हानीचे पारडे खाली जाऊ लागते. परंतु त्याचीच दुसरी बाजू लंडनमध्ये दिसली. साठीच्या पुढील काही स्त्रीपुरुषांना एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा वाहनांनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन-दोन तास चालविण्यात आले. बागेतील चालण्याने त्यांच्या फुप्फुसांस आणि रक्तवाहिन्यांस जो फायदा झाला, त्यातील बराचसा रस्त्यावरच्या चालण्यात नाहीसा झाला. पाय तेच, अंतर तेच. केवळ जागा बदलली. व्यायाम सोडू नये, जागा आणि वेळ निवडावी, हाच या दोन्ही अभ्यासांचा इत्यर्थ आहे.

पण निवड करण्याची मुभा कोणाला आहे, हाच तर खरा प्रश्न आहे. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी मॅरेथॉनचा तेव्हाचा विश्वविक्रमवीर, इथिओपियाचा हाइले गेब्रसेलासी याने तेथील हवा आपल्या दम्यास सोसणार नाही असे सांगून मॅरेथॉनमधून अंग काढून घेतले आणि तो केवळ दहा हजार मीटर धावला. जगाने त्याचा निर्णय समजून घेतला. २०१७ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या अर्ध-मॅरेथॉनपूर्वी डॉक्टरांच्या संघटनेने ती पुढे ढकलण्याची मागणी केली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. शर्यत झाली, पण निदान वाद तरी झाला. राहुरीच्या मुलाला विश्वविक्रमवीराची मुभा नाही आणि दिल्लीकराचा आवाजही नाही. “सूर्य वर आल्यावर धावा” असा सल्ला त्याला देणे सोपे आहे. पण सात वाजता त्याला डेअरीवर दूध घालावयाचे असते, आठला कामावर जावयाचे असते. मुलींची अडचण तर याहून बिकट. उजेडात धावताना रस्त्यावरच्या नजरा आणि घरातली कामे दोन्ही आड येतात. म्हणून त्या अंधारात निघतात. सल्ला देणाऱ्याने आधी त्यांचा दिवस जगून पाहावा.

म्हणूनच आम्ही हा प्रश्न व्यक्तीच्या सावधगिरीवर सोडून देण्यास तयार नाही. ज्या राज्याने धावण्यावर गुण ठेवले, त्या राज्यावर धावणाऱ्याच्या हवेची जबाबदारी येते. हे तत्त्व नवे नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीसभरतीच्या धावेच्या वेळी उन्हात काही तरुणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर शासनाला वेळा आणि अंतर यांचा फेरविचार करावा लागला. जून २०२४ मध्ये ऐन पावसाळ्यात मैदानी चाचण्या निघाल्या, तेव्हा पावसामुळे जेथे चाचणी होऊ शकणार नाही तेथील उमेदवारांना पुढची तारीख देण्याचे शासनाने जाहीर केले. ऊन दिसते, पाऊस दिसतो, म्हणून त्यांच्यासाठी नियम झाला. हवा दिसत नाही, एवढ्याच कारणाने तिला नियम नसावा काय? निर्देशांक २०० च्या पुढे असेल त्या दिवशी कोणत्याही मैदानावर धावण्याची चाचणी घेऊ नये आणि उमेदवारास दुसरी तारीख द्यावी, एवढा एक खंड भरतीच्या नियमांत घालण्यास पैसाही लागत नाही.

पाचटाच्या बाबतीत शेतकऱ्याकडे बोट दाखविणे आम्हांस अन्यायाचे वाटते. मजुरांची टंचाई, खोडव्याची घाई आणि उंदीर-सापांची भीती यांपुढे काडी ओढणे त्यास सोपे वाटते. परंतु त्यात त्याचाही तोटाच आहे. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते सरीत दाबून, युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजविणारे जिवाणू टाकून कुजविले तर जमिनीस सेंद्रिय खत मिळते आणि पाण्याची बचत होते. हे ज्ञान बाहेरून आणावयाचे नाही. १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरीतच आहे आणि त्याच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने वर्षानुवर्षे याचाच प्रसार केला आहे. उणीव ज्ञानाची नाही, यंत्राची आणि वेळेची आहे. तोडणी झालेल्या फडात आठवडाभरात पाचट-कुट्टी यंत्र पोहोचेल, अशी व्यवस्था कारखान्यांच्या शेतकी खात्यांनी केली तर दंडाची भाषा करण्याची वेळच येणार नाही.

याच विद्यापीठाकडे आमची दुसरी विनंती आहे. तेथे कृषिहवामानाची नोंद होते. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांवरून शेतकऱ्यांना सल्ला दिला जातो. त्या वेधशाळेच्या शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाने हवेची प्रत मोजणारे एक यंत्र बसवावे, दुसरे रस्त्याच्या कडेला गावात बसवावे, आणि दोहोंचे आकडे रोज पहाटे साडेचार वाजता बसस्थानकाच्या फलकावर आणि मुलांच्या हातातील भ्रमणध्वनीवर यावेत. पिकाला फवारणी केव्हा करावी हे जो सल्ला सांगतो, त्याने मुलांनी केव्हा धावावे हेही सांगावे. तिसरी गोष्ट जागेची. वाहनांच्या धुराची दाटी रस्त्यापासून पहिल्या दीड-दोनशे मीटरांतच झपाट्याने उतरते. तेव्हा क्रीडासंकुल, शाळा-महाविद्यालयांची मैदाने आणि विद्यापीठाच्या आवारातील आतले रस्ते पहाटे उघडे करून तेथे दिवे लावले, मुलींसाठी एखादी पहारेकरीण ठेवली, तर हवेबरोबर अपघाताचेही भय टळेल. हे काम नगरपालिका आणि शिक्षणसंस्था यांनी मनावर घेतल्यास एका हिवाळ्यात होण्यासारखे आहे.

तोवर धावणाऱ्यांनी काय करावे? मोठा रस्ता सोडून बांधावरची, कालव्यावरची वाट धरावी. फड पेटलेला असेल किंवा धुके धुरकट वासाचे असेल, त्या दिवशी जोराची धाव न घेता बैठका, जोर आणि गोळाफेक यांचा सराव करावा. जोराच्या धावा आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी, दिवेलागणीपूर्वी घ्याव्यात. तोंडाला बांधलेला रुमाल जाड धूळ अडवितो, सूक्ष्म कण अडवीत नाही, हे ध्यानात ठेवावे. धावताना छाती आवळणे, शिटीसारखा श्वास वाजणे किंवा दिवसेंदिवस खोकला न हटणे ही ‘दम वाढत असल्याची’ खूण नव्हे. ती डॉक्टरांकडे जाण्याची खूण आहे. मार्चनंतर झाकण उठते, तेव्हा पहाट पुन्हा बरी होते. मात्र दुपारचे ऊन आणि त्या उन्हात तयार होणारा ओझोन दोन्ही टाळावेत.

शेवटी आमच्या शहरातील वाचकांस दोन शब्द. आपल्या घरी येणारे पिण्याचे पाणी राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचे आहे. ते गाळून, औषध घालून, तपासून आपल्यापर्यंत येते; त्यात जरा गढूळपणा दिसला तर आपण महानगरपालिकेत धाव घेतो. आपण जी साखर खातो ती याच पट्ट्यातील आहे, आणि ज्या रस्त्याने आपण शिर्डीस जातो तोही तोच. ज्या तालुक्याचे पाणी आपण तपासून पितो, त्या तालुक्यातील मुलांनी न तपासलेली हवा पिऊन उद्या आपल्याच रक्षणासाठी वर्दी चढवावी, अशी आपली अपेक्षा आहे. ती पुरी करण्यास ती मुले रोज पहाटे उठतातच. त्यांच्यासाठी एक यंत्र, एक मैदान आणि नियमातील एक खंड एवढे मागण्यास आपण केव्हा उठणार, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.